रुळापलीकडच्या चुली

शिरूर,
२ सप्टेंबर १९६३

श्री. ज्योतिबा देवकाते यांस रूथ पाटोळे हिचा सलाम.

तुम्ही वयानं मोठे, तेव्हा नमस्कार लिहायला हवा होता. पण आमच्या घरात पत्र सलामानंच सुरू होतं आणि दयाआत्यानं तुम्हालाही एव्हाना ती सवय लावली असणार.

आत्याला जाऊन पंधरा दिवस झाले. त्या दिवशी तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. भीमेला पूर, जवळचा रस्ता बंद, म्हणून ट्रक यवत, पुणे, शिक्रापूर असा वळसा घालून शिरूरला आणावा लागला. वस्तीतले तुम्ही सगळे पुरुष शवपेटीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून आलात. मिशनच्या दफनभूमीत, माझ्या बाबांच्या शेजारी, तिला माती दिली तेव्हा दिवस मावळला होता. सकाळी मी तुमच्यासाठी चहा घेऊन चर्चच्या ओसरीवर आले, तर तुम्ही निघूनही गेला होतात. एवढी कसली घाई होती?

आता कामाचं लिहिते. आत्याच्या नावाचा एक दगड घडवून घ्यायचा आमच्या मंडळींनी ठरवलं आहे. थडग्यावर साधा क्रूस आहेच, तो पुरे. हा दगड दौंडला, तुमच्या रुळापलीकडच्या वस्तीत उभा राहावा असं मला वाटतं. बारा वर्षं ती जिथं राहिली, भांडली, तिथं. बसवताना चार शब्द बोलावे लागतील आणि खरं सांगायचं तर मला ती फारशी माहीतच नाही. आमच्यासाठी ती नाताळात दोन दिवस येणारी पाहुणी. जाताना आईचे डबे, बाबांची घोंगडी, एकदा तर माझी नवी छत्री ‘वस्तीला लागते’ म्हणून घेऊन गेली. आई म्हणायची, चोर परवडला, तो निदान आपल्याकडूनच पिशवी मागून घेत नाही.

तेव्हा तुम्ही लिहा. ती काय करायची, कशी करायची, सगळं. आणि तिच्या शेवटच्या अर्जाचं काय झालं तेही कळवा. दिवाळीनंतर प्रांतसाहेब स्वतः पाहणीला येणार, वस्तीत जे खरोखर राहतात त्यांच्या नावावर जागा करून देणार, असं ती गेल्या नाताळात सांगत होती. एवढं एक झालं की मी मरायला मोकळी, असंही म्हणाली होती. तिनं थोडं थांबायला हवं होतं.

तुमच्या आईंना, कुशाबाईंना, सलाम.

रूथ


दौंड,
१५ सप्टेंबर १९६३

रूथताईंना ज्योतिबाचा सलाम आणि रामराम, दोन्ही.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. यार्डात कोळशाचं काम जोरात आहे. आणखी एक. पुढचं पत्र वस्तीच्या पत्त्यावर न टाकता इंजिन शेडच्या पत्त्यावर टाका. पोस्टमन अलीकडे आत येत नाही.

बाईंचं काय लिहू? आम्ही धनगर, मेंढरं संपली तसे इकडे आलो आणि रुळापलीकडच्या माळावर झोपड्या घातल्या. तुमच्यातली, ख्रिस्ती, चार-सहा घरंही होती. बाई आल्या त्या मिशनच्या बायबलबाई म्हणून, बायकांना वाचून दाखवायला. त्याच आठवड्यात वीटभट्टीवाले हौसराव यांनी टोळी पाठवली. माळ आपला आहे असं त्यांचं म्हणणं. माळ सरकारी गायरान आहे हे सगळ्या दौंडला माहीत होतं, पण ठणकावून सांगणारं कोणी नव्हतं.

टोळीचा मुकादम म्हस्कू. आमच्याच जातीचा, आडदांड गडी. झोपड्या उतरवत तो आमच्या दारात आला तेव्हा आई भाकरी भाजत होती. म्हस्कू म्हणाला, “मावशे, ऊठ.” आई म्हणाली, “एवढी भाकरी होऊ दे.” ती झाली की आईनं दुसरी थापली. मग तिसरी. म्हस्कू पहार टेकून उभा. पेटलेल्या चुलीला पाय लावणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचा आहे, ताई. चूल पेटलेली, वर तवा, तव्यात भाकरी, ते घर कोण मोडणार? पीठ संपलं तेव्हा दिवस कलला होता आणि टोळी मजुरी बुडाली म्हणून कुरकुरत परत गेली.

बाई हे सगळं पुस्तक मांडीवर ठेवून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी बायकांना गोळा केलं आणि म्हणाल्या, “कुशाबाईनं आज जे केलं, ते उद्यापासून सगळ्यांनी करायचं. टोळी दिसली की चूल पेटवायची. पीठ नसलं तर नुसतं पाणी ठेवा, पण खाली जाळ पाहिजे. तुम्ही मला एक दिवस मिळवून द्या. मी कचेरीतून हुकूम आणते.”

तेच पुढं बारा वर्षं चाललं. टोळी आली की माळावर धूरच धूर. बाई तोवर मिळेल त्या गाडीनं पुण्याला. कचेरीतल्या कारकुनांना त्या पायरीवर दिसल्या की घाम फुटायचा. एकानं विचारलं, “बाई, तुमचं स्वतःचं घर किती खणांचं?” बाई म्हणाल्या, “माझं काय विचारता, मी पाहुणी आहे.” खरंच, त्यांची झोपडी सगळ्यांत लहान. स्वतःची चूल त्यांनी कधी मांडली नाही. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं जेवायच्या आणि मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगायच्या.

तुमची छत्री मला आठवते. मालनबाईच्या बाळंतपणात झोपडी गळत होती, तेव्हा ती आतून बांधली होती. पोरगी सुखरूप झाली. तिचं नाव दयाच ठेवलं आहे.

दगडाची घाई करू नका. पावसाळा आहे, माती ओली आहे, दगड नीट बसणार नाही. प्रांतसाहेबांचं अजून काही कळलेलं नाही.

आईचा तुम्हाला आशीर्वाद.

ज्योतिबा


शिरूर,
२४ सप्टेंबर १९६३

ज्योतिबाभाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. छत्रीची हकीकत आली तेव्हा आई हसता हसता रडायला लागली. मग शाळेत नेलं, बाकीच्या शिक्षिकांनाही वाचून दाखवलं. पेटत्या चुलींनी बारा वर्षं वस्ती राखली, ही गोष्ट आमच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपदेशात घेतली.

दगडाचं काम मी पुढे ढकललं नाही. पाथरवटाला सांगून टाकलं आहे. पांढरा दगड मिळाला आहे, कमरेएवढा उंच. त्यावर कोरायच्या ओळी मी केल्या आहेत, बघा आवडतात का:

‘दयाबाई पाटोळे. हिने बेघरांना घरे दिली. ती घरे उभी आहेत तोवर ती जिवंत आहे.’

ऑक्टोबर संपेपर्यंत पाऊस सरेल. त्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच-सहा जण दगड घेऊन येतो. तुम्ही जागा बघून ठेवा, तिच्या झोपडीसमोरच असावी. झोपडी आहे तशीच ठेवा, कोणाला राहायला देऊ नका. मला एकदा आत एकटीनं बसायचं आहे. तिचं बायबल आणि तो पितळी कंदीलही तिथंच असू दे, मी आले की घेईन.

तुमची, रूथ


दौंड,
५ ऑक्टोबर १९६३

रूथताईंना सलाम.

पत्र पोचलं. ओळी चांगल्या आहेत.

पण ताई, तुम्ही इतक्यात येऊ नका. वस्तीत तापाची साथ आहे. माझी ड्यूटीही सारखी बदलते, मी असेन-नसेन. बाईंचं बायबल माझ्याजवळ आहे, कापडात बांधून ठेवलं आहे. कंदील सापडत नाही.

आणि दगडाचं म्हणाल तर तो शिरूरलाच बाईंच्या उशाशी असलेला बरा. इथं धूळ, धूर, गाढवं. तिथं चार माणसं बघतील. ओळी तेवढ्या बदला. दुसरं काहीतरी लिहा.

ज्योतिबा


शिरूर,
१२ ऑक्टोबर १९६३

श्री. ज्योतिबा देवकाते यांस,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा वाटलं उत्तरच लिहू नये. पण मनात ठेवून कुढणं मला जमत नाही, तेव्हा स्पष्टच लिहिते.

तुम्हाला दगड नको आहे. ताप, ड्यूटी, गाढवं ही सगळी निमित्तं आहेत. मिशनवाल्या बाईच्या नावाचा दगड आपल्या वस्तीत नको, असं कोणीतरी म्हणालं असेल आणि तुम्हाला भीड पडली असेल. तसं असेल तर तसं लिहा. गरज सरो, वैद्य मरो, ही रीत जगात नवी नाही. पण ओळी बदला म्हणता? त्यांत खोटं काय आहे? तिनं घरं दिली नाहीत?

आता लिहायलाच बसले आहे तर आणखी एक. त्या रविवारी रात्री तार मिळताच मी रात्रभर प्रवास करून सोमवारी दौंडला आले. अंगावरचं लुगडं ओलं, पोटात अन्नाचा कण नाही. तुमच्या वस्तीत मी तीन तास होते. दारादारात बायका बसून होत्या, माझ्याकडे बघत होत्या. त्या तीन तासांत कोणी मला घोटभर चहा विचारला नाही. एकीच्याही चुलीवर माझ्यासाठी पाणी ठेवावंसं कोणाला वाटलं नाही. जिनं तुमच्या चुली बारा वर्षं राखल्या तिच्याच घरचं माणूस मी. मी तेव्हा मनाशी म्हटलं, दुःखात आहेत, जाऊ दे. आता वाटतं, तसं नव्हतं.

दगड तयार व्हायला आला आहे. मी त्याचं काय करायचं ते ठरवीन. बायबल रजिस्टर पोस्टानं पाठवावं.

रूथ पाटोळे


दौंड,
२० ऑक्टोबर १९६३

रूथताई,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. दाखवणार नव्हतो, पण माझं तोंड बघून तिनं ओळखलं. चहाचं आलं तेव्हा ती म्हणाली, “थांब.” डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, “त्या लेकीला सारं लिवून टाक. लपवून आपुन तिला आनखी दुखवलं.” म्हणून लिहितो. तुम्ही बसून वाचा.

वस्ती नाही, ताई. ऑगस्टपासूनच नाही. ज्या झोपडीत तुम्हाला एकटीनं बसायचं आहे ती नाही, माझी नाही, मालनबाईची नाही. माळ मोकळा आहे आणि हौसरावांच्या विटा त्यावर सुकत आहेत.

कसं झालं ते सांगतो. बाई रविवारी संध्याकाळी गेल्या. आमच्यात घरात मयत असलं की चूल पेटत नाही. मातीला गेलेली माणसं परत येऊन अंघोळ करीपर्यंत त्या घरी जाळ करायचा नाही. शेजारी जेवण आणतात. पण बाई कोणाच्या घरातल्या? त्या आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं जेवायच्या. तेव्हा प्रत्येकीला वाटलं, मयत माझ्या घरचं आहे. कोणी कोणाला सांगितलं नाही, ठरवलं नाही. रविवारी रात्री साऱ्या वस्तीत एक चूल पेटली नाही. पोरांना बाजारातले चुरमुरे दिले. तुम्ही सोमवारी आलात तेव्हा चहा कुठून देणार, ताई? बायका तुमच्याकडे बघत होत्या त्या त्याच लाजेनं. बाईंची भाची दारात आली आणि आपण पाणीसुद्धा तापवू शकत नाही, म्हणून सोजराबाई तोंड फिरवून रडली. तुम्हाला वाटलं असेल ती तुम्हाला टाळते.

आम्ही पुरुष तुमच्याबरोबर शिरूरला आलो. मंगळवारी पहाटे निघालो ते याच घाईनं, की आम्ही पोचल्याशिवाय चुली पेटणार नाहीत. पण पोचायला दिवस मावळला.

मंगळवारी सकाळी टोळी आली. बाई गेल्याचं हौसरावांना कळलं होतं, पुरुष नाहीत हेही. आईनं मला सांगितलं तसं लिहितो. म्हस्कू पुढं आला आणि थबकला. इकडं तिकडं बघून म्हणाला, “मावशे, चुली का थंड?” हौसराव मागून म्हणाले, “धूर न्हाई, म्हंजी हितं कुनी ऱ्हात न्हाई. घ्या उतरवून.” तरी म्हस्कू हलेना. तो आईसमोर बसला आणि हळूच म्हणाला, “मावशे, पेटव की गं. काडी वढ. मी मागं फिरतो.”

मालनबाई पण म्हणाली, “आत्ती, पेटवा.” काडेपेटी आईच्या हातात होती. तिनं ती उघडलीसुद्धा. पण तिच्या मनात एकच, बाईला माती मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही. पोरं परतली नाहीत. आता जाळ केला तर बाईंच्या मयताला विटाळ. ती म्हणाली, “म्हस्कू, तुला काय करायचं ते कर. बाईचं मयत हाय. मी चूल पेटवनार न्हाई.”

म्हस्कूनं पहार टाकली आणि तो निघून गेला. पण टोळीतले बाकीचे त्याच्यासारखे नव्हते. दुपारपर्यंत सगळं झालं.

आम्ही संध्याकाळी पुण्याच्या गाडीनं येत होतो. पुलावरून गाडी दौंडात शिरताना आमच्या झोपड्यांची छपरं डब्यातून दिसतात. त्या दिवशी दिसली नाहीत. कोणीतरी म्हणालं, अंधारलंय म्हणून दिसत नसतील.

आता काही जण पुलाखाली आहेत, काही यवतच्या बाजूला सोयऱ्यांकडे, मी आणि आई शेडमागच्या पत्र्याखाली. तुम्हाला हे का कळवलं नाही? आईनं शपथ घातली होती. मयत शिरूरला नेलं नसतं तर सोमवारीच माती झाली असती आणि मंगळवारी चुली पेटलेल्या असत्या, असं तुमच्या मनात येईल आणि ते आयुष्यभर राहील, असं ती म्हणाली. तुमची त्यात काहीच चूक नाही, ताई. बाईंनी भावाशेजारी निजावं हे बरोबरच झालं. आम्हीच बाईंच्या मायेपोटी बाईंचंच सांगणं विसरलो.

प्रांतसाहेबांची नोटीस आली आहे. डिसेंबरच्या नऊ तारखेला पाहणी. काय पाहणार? ‘ती घरे उभी आहेत तोवर ती जिवंत आहे’ हे वाचलं त्या दिवशी मी कामावर गेलो नाही.

ज्योतिबा


शिरूर,
२६ ऑक्टोबर १९६३

ज्योतिबाभाऊ, कुशामावशी,

मागच्या पत्रातला एक शब्दही मनात ठेवू नका. कुशामावशी, तुमच्या पाया पडते. तुम्ही भुकेल्या बसला होतात आणि मी चहा मोजत होते. मला खूप वाईट वाटतं आहे, यापेक्षा वेगळं काही लिहिता येत नाही.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. मग आईनंच मला एक आठवण करून दिली. ती तुम्हाला कळायलाच हवी.

बाबा वारले तेव्हा आमच्या घरीही चूल बंद होती. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून काही जुन्या रीती सुटल्या नाहीत. शेजारणी म्हणाल्या, दफन होईपर्यंत जाळ करू नका. आत्या दौंडहून आली. दारात पिशवी ठेवली आणि आत, जिथं तिचा सख्खा भाऊ निजवला होता तिथं न जाता सरळ स्वयंपाकघरात गेली. लाकडं रचली, जाळ केला आणि पिठलं टाकलं. शेजारणी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. एकीनं म्हटलं, “दयाबाई, भावाचं मयत घरात आहे.” आत्या म्हणाली, “त्याची काळजी आता देवाला. ही पोरं उपाशी आहेत, त्यांची काळजी मला.” आम्हाला जेवायला वाढलं आणि मग आत जाऊन बाबांच्या छातीवर डोकं ठेवून अशी रडली की माणसं गोळा झाली.

मावशी, मी तुम्हाला शिकवत नाही. तुम्ही केलंत ते मायेनं केलंत आणि तिलाही ते कळलं असतं. पण आता तिचं सुतक संपलं. मयत केव्हाच मातीत गेलं. तरी माळावर चुली अजून थंडच आहेत, हे काही तिला आवडणार नाही. ती असती तर दारात पिशवी टाकून आधी लाकडं मागितली असती.

ज्योतिबाभाऊ, नोटिशीत काय लिहिलं आहे? ‘वस्तीत प्रत्यक्ष राहणारे’ असंच ना? मग राहा. झोपड्या नसल्या तरी राहा. पुलाखालच्यांना, यवतच्यांना बोलवा. जिथं ज्याची चूल होती तिथं तीन दगड मांडा आणि उघड्यावर रांधा. साहेब येतील तेव्हा त्यांना धूर दिसू दे. मी आठ तारखेला, रविवारी, येते. एकटीच. पाळकसाहेब नकोत, भाषण नको.

दगड मात्र आधी पाठवते. त्यावरच्या ओळी कोरू दिल्या नाहीत. कोरा आहे. काय लिहायचं ते तुम्ही सगळ्यांनी ठरवा. ओळखीच्या कांद्याच्या ट्रकमधून दिवाळीनंतर तुमच्या यार्डात पोचेल.

तुमची, रूथ


दौंड,
२९ नोव्हेंबर १९६३

रूथताई, सलाम, रामराम, आणि आईचा मोठा आशीर्वाद.

तुम्ही रविवारी आठ तारखेला येणार आणि साहेब सोमवारी नऊला, असं ठरलं होतं. पण साहेब कालच येऊन गेले. सगळं सांगतो.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. पिठल्याचं आलं तेव्हा आईनं पुन्हा वाचायला लावलं. मग उठली, शेडमागून कोळशाची पाटी उचलली आणि चालू लागली. मी म्हटलं, “आये, पाहणी नऊ डिसेंबरला हाय. अजून लई दिस हायेत.” ती म्हणाली, “बाई काय साहेबासाठी पिठलं करत व्हत्या व्हय?” आणि माळावर जाऊन, हौसरावांच्या विटा बाजूला सारून, आमच्या जुन्या जागेवर तिनं तीन दगड मांडले आणि भाकरी थापली. त्या दिवशी ती एकटीच होती. दुसऱ्या दिवशी मालनबाई, सोजराबाई. मग पुलाखालची माणसं आली, यवतहून आली. दिवाळीही आम्ही तिथं उघड्यावरच केली. हौसरावांची टोळी आली होती. म्हस्कू त्यांच्यात नव्हता. तो त्याच्या बायकोला घेऊन आमच्यात येऊन बसला होता. त्याला समोर बघून टोळीनं काही केलं नाही.

दगड दिवाळीनंतर आला. उतरवला तेव्हा नेमका वारा सुटला होता आणि आईची चूल विझत होती. आई म्हणाली, “हितंच उभा करा, आडोसा व्हतो.” मी म्हटलं, “आये, तो बाईंच्या नावाचा हाय.” ती म्हणाली, “मग? बाईनं आडोसा दिला नसता?” बाईंची झोपडी आमच्या झोपडीला लागूनच होती, म्हणून तो तिच्याच जागी, आईच्या चुलीमागं, उभा केला.

काल हौसराव स्वतः साहेबांना जीपमधून घेऊन आले. नऊ तारखेच्या आत, आम्ही झोपड्या उभ्या करण्याआधी, माळ मोकळा दाखवायचा त्यांचा बेत असावा. जीप चढावर आली आणि थांबली. सगळ्या माळावर धूर. एक झोपडी नाही, एक भिंत नाही, नुसत्या चुली, आणि प्रत्येक चुलीमागं बाई. साहेब उतरून चालत आले. आईसमोर उभे राहिले. म्हणाले, “आजी, घर कुठं आहे?”

आई म्हणाली, “पाडलं, साहेब.”

“मग तुम्ही राहता कुठं?”

“हितंच. चूल दिसंना व्हय?”

हौसराव म्हणाले, ही माणसं कालच आणून बसवली आहेत. साहेब खाली बसले आणि त्या कोऱ्या दगडावर बोट फिरवलं. पांढरा दगड खालपासून निम्म्यापर्यंत काळा झाला होता. त्यांनी काळं झालेलं बोट हौसरावांना दाखवलं आणि म्हणाले, “ही काजळी काही एका दिवसाची नाही.” मग प्रत्येक चुलीपाशी गेले, नाव विचारलं, लिहून घेतलं. जाताना आईनं भाकरी दिली ती त्यांनी हातात घेतली. जागा नावावर करण्याचा हुकूम निघेल असं साहेबांचा शिपाई सांगून गेला. हुकूम हातात आल्याशिवाय आई मानत नाही, ती बाईंची शिकवण. पण आम्ही बांबू आणले आहेत.

आता एकच अडचण. पाथरवट इथं आला होता. म्हणाला, काजळी घासून काढतो, मग अक्षरं कोरतो. मी आईला विचारलं तर ती म्हणते, “लेकीला इचार. दगड तिचा हाय.” तुमचा एवढा शुभ्र दगड, मला फार लाज वाटते. काय करू ते कळवा.

ज्योतिबा


शिरूर,
३ डिसेंबर १९६३

ज्योतिबाभाऊ, सलाम.

पत्र शाळेत मिळालं. मुलांना सुट्टी दिली आणि वर्गात एकटी बसून रडले.

दगडाला हात लावू देऊ नका. पाथरवटाला परत पाठवा. कुशामावशींना सांगा, चूल हलवू नका, त्याच जागी राहू दे. ज्याला आत्याचं नाव वाचायचं असेल तो मावशींना विचारील.

मी रविवारी दुपारच्या गाडीनं येते. आधी चहा ठेवा.

रूथ